काचेच्या पेटीतील मुके जीव

मुक्या प्राण्यांवर दया करावी, ही शिकवण आपल्याकडे नवीन नाही. परंतु ज्यांना आपण मुके प्राणी म्हणतो ते बहुधा मुके नसतातच. कुत्र्याला दगड लागला तर ते केकाटते, गाय उपाशी राहिली तर हंबरते, मांजर भुकेले असले तर पायात घोटाळते. त्यांचे दुःख आपल्या कानांवर येते, म्हणून आपल्याला दया येते. पण जो जीव भुकेने ओरडत नाही, पोट भाजले तरी किंचाळत नाही, हाड वाकले तरी विव्हळत नाही, त्याची दया कोणाला यावी? साप, सरडे, पाली, कासवे हे सरपटणारे प्राणी या अर्थाने खरोखर मुके आहेत.

या मुक्या जीवांचा व्यापार आज जगभर चालतो. अमेरिकेत तर तो गल्लीतल्या एखाद्या दुकानापुरता राहिलेला नाही. मोठमोठ्या कंपन्यांच्या साखळी दुकानांतून, साबण-टूथपेस्ट विकावी तितक्या सहजतेने, सरडे आणि साप विकले जातात. तेथे त्यांची आबाळ का होते, हे समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करणार आहोत. 'हा परदेशातला विषय आपल्या काय कामाचा?' अशी शंका काही वाचकांना येईल. तिचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल.

साखळी दुकानांचे स्वरूप

अमेरिकेत पाळीव प्राण्यांचे साहित्य विकणाऱ्या दोन कंपन्या विशेष मोठ्या आहेत. 'पेटको' ही १९६५ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि 'पेटस्मार्ट' ही १९८० नंतरच्या दशकात ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात. आज दोन्ही कंपन्यांची प्रत्येकी हजाराहून अधिक दुकाने आहेत. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या दुकानांत कुत्री-मांजरे विकत नाहीत. निराधार कुत्र्या-मांजरांना घर मिळावे म्हणून तेथे दत्तक देण्याची व्यवस्था असते. ही गोष्ट निश्चितच स्तुत्य आहे. परंतु त्याच छपराखाली, दोन रांगा पलीकडे, काचेच्या पेट्यांतून सरडे, पाली, साप आणि कासवे किमतीची चिठ्ठी लावून मांडलेली असतात. कुत्र्याला घर शोधायचे आणि सरड्याला गिऱ्हाईक शोधायचे, हा भेद कशामुळे झाला? त्याचे मूळ त्या प्राण्याच्या शरीराविषयीच्या आपल्या अज्ञानात आहे.

शरीराचा निराळा नियम

सरपटणाऱ्या प्राण्यांना आपण 'थंड रक्ताचे' म्हणतो. हे नाव फसवे आहे. उन्हात बसलेल्या सरड्याचे रक्त आपल्या रक्ताइतकेच गरम असू शकते. फरक एवढाच की, आपले शरीर खाल्लेल्या अन्नातून स्वतःची ऊब स्वतः तयार करते, तर या प्राण्यांना ती बाहेरून घ्यावी लागते. म्हणून सरडा सकाळी उन्हात येतो, दुपारी सावलीत जातो. हा त्याचा आळस नव्हे. ऊन घेतल्याशिवाय त्याचे अन्न पचत नाही, आजाराशी लढण्याची शक्ती येत नाही, हालचालही नीट होत नाही. थंड पेटीत ठेवलेल्या सापाने भक्ष्य गिळले, तर ते पचण्याऐवजी पोटात कुजू शकते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अशा प्राण्याला पेटीत ठेवायचे तर तिचे एक टोक गरम आणि दुसरे टोक गार असले पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला 'दाढीवाला ड्रॅगन' नावाचा सरडा या दुकानांत फार खपतो. त्याला ऊन घेण्याच्या जागी ४० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते आणि पलीकडच्या टोकाला २५ अंशांच्या आसपास गारवा लागतो. पेटी फूटभर लांबीची असेल तर ही दोन टोके होणार कशी? सगळीच पेटी तापते, नाहीतर सगळीच गार राहते. प्राण्याला निवड करायला जागा उरत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. लहान मुलांना कोवळे ऊन मिळाले नाही तर मुडदूस होतो, हे आपल्या आयाबायांना ठाऊक आहे. सरड्यांचे आणि कासवांचेही तसेच आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्यांच्या कातडीत 'ड' जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या जोरावर खाण्यातले कॅल्शियम हाडांत जाते. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत. म्हणून पेटीत खास दिवा लावावा लागतो. या दिव्याची एक खोड अशी की, काही महिन्यांनी त्यातील उपयोगी किरण कमी होतात, पण दिवा मात्र पूर्वीसारखाच पेटलेला दिसतो. तो वेळेवर बदलला नाही तर प्राण्याचा जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, कणा वेडावाकडा होतो आणि नुसते उचलतानासुद्धा हाड मोडते. पाहणाऱ्याला मात्र उजेडात शांत बसलेला एक सरडा दिसतो!

तिसरी गोष्ट पाण्याची. येमेनकडचा रंग बदलणारा शॅमेलिऑन सरडा सहसा वाटीतले साचलेले पाणी पीत नाही. पानांवरचे थेंब चाटून तो तहान भागवतो. त्याच्यासमोर वाटी भरून ठेवणारा नोकर आपले काम चोख केल्याच्या समाधानात असतो आणि तो जीव पाण्यासमोर तहानेने सुकत जातो.

आबाळ कशी होते?

आता दुकानातली आबाळ पाहू. एकाच पेटीत दाढीवाल्या सरड्यांची अनेक पिल्ले ठेवली की दांडगी पिल्ले गरम जागा आणि खाणे बळकावतात, दुबळी मागे पडतात आणि एकमेकांची बोटे व शेपट्यांची टोके कुरतडली जातात. खाण्यासाठी सोडलेले रातकिडे रात्रभर पेटीत राहिले तर ते अशक्त पिल्लालाच चावतात. तापणारा कृत्रिम दगड किंवा जाळी न लावलेला दिवा यांना चिकटून बसलेला प्राणी भाजतो आणि तरी चटकन बाजूला होत नाही. शोभेसाठी पसरलेली बारीक वाळू अन्नाबरोबर पोटात जाऊन आतडे तुंबू शकते. दमटपणा पुरेसा नसेल तर कात नीट निघत नाही. बोटांभोवती तिची कडी राहून रक्त थांबते आणि बोट झडते. सापाच्या अंगावर गोचिडीसारखे बारीक किडे पडतात आणि एका पेटीतून दुसऱ्या पेटीत पसरतात.

यातील कोणतीही गोष्ट काठीने मारण्याइतकी क्रूर दिसत नाही. येथे कोणी कोणाला मारीत नाही. जे करायला हवे ते होत नाही, एवढेच. शिवाय सरपटणारे प्राणी फार हळू मरतात. कुत्रे चार-सहा दिवसांत जेवढे खंगेल, तेवढे खंगायला सापाला काही महिने लागतात. त्यामुळे दुकानात झालेली आबाळ पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या घरी उघड होते आणि दोष गिऱ्हाइकाच्या माथी बसतो.

ही सारीच दुकाने एका माळेचे मणी आहेत, असे आमचे म्हणणे नाही. चांगली व्यवस्था ठेवणारी दुकानेही असतात. परंतु तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या आहेत, हेही खरे. २००२ साली सॅन फ्रान्सिस्को शहराने आपल्या हद्दीतील दुकानांतल्या प्राण्यांची हेळसांड होते म्हणून पेटकोविरुद्ध दावा लावला. २००४ साली कंपनीने रक्कम भरून आणि सुधारणा कबूल करून तो मिटवला. पुढे २००७ साली कॅलिफोर्निया राज्याने दुकानातील प्राण्यांच्या देखभालीसंबंधी स्वतंत्र कायदा केला.

पेटीमागची गोदामे

दुकानातली पेटी हे या साखळीचे शेवटचे टोक आहे. त्यामागे घाऊक व्यापाऱ्यांची गोदामे आहेत. त्यांपैकी एका गोदामाचा कारभार २००९ च्या डिसेंबरात जगापुढे आला. टेक्सास राज्यातील आर्लिंग्टन शहरात 'यू. एस. ग्लोबल एक्झॉटिक्स' या घाऊक व्यापाऱ्यावर धाड पडली आणि २६ हजारांहून अधिक प्राणी जप्त झाले. ते १७१ जातींचे व प्रकारांचे होते. या प्रकरणाचा शास्त्रीय अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील आकडे वाचून कोणाचेही मन सुन्न होईल. शंभरातील सुमारे ८० प्राणी आजारी, जखमी किंवा मेलेले होते. दर आठवड्याला जवळजवळ साडेतीन हजार मेलेले वा मरणाच्या दारातले प्राणी टाकून दिले जात होते आणि त्यांत सर्वाधिक भरणा सरपटणाऱ्या प्राण्यांचा होता. सहा आठवड्यांत माल पालटण्याच्या एका फेऱ्यात मृत्यूचे प्रमाण ७२ टक्के होते. कारणे कोणती? उपासमार, तहान, थंडी, चेंगराचेंगरी, रोगराई आणि एकमेकांना खाणे.

कोणी म्हणेल, अमेरिकेत कायदा नाही काय? आहे. १९६६ साली केंद्रीय प्राणी कल्याण कायदा तेथे झाला. पण त्या कायद्याच्या व्याख्येत केवळ उष्ण रक्ताचे प्राणी येतात. साप, सरडा, कासव त्या व्याख्येच्या बाहेर राहतात. व्याख्येबाहेर राहणे म्हणजे काय, हे या देशात आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. राज्याराज्यांचे क्रूरताविरोधी कायदे आहेत, पण ते सारखे नाहीत आणि ते बहुधा तक्रार झाल्यावर जागे होतात. आणि ज्याच्या वतीने तक्रार करायची तो जीव तर आवाजच काढत नाही.

हिशेबाच्या वहीत

बँकेत बसून जमा-नावे करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आमच्यासारख्यांना या प्रश्नाची हिशेबाची बाजू चटकन दिसते. उदाहरणादाखल असे समजा की, एक पाल वीस डॉलरला विकायची आहे. ती आजारी पडली आणि डॉक्टरकडे नेली तर तपासणीचेच साठ डॉलर होतात. आता व्यवस्थापकाने काय करावे? माणुसकी म्हणते, डॉक्टरकडे न्यावे. वही म्हणते, वीस डॉलरची वस्तू दुरुस्त करायला साठ डॉलर घालू नयेत. बुडीत कर्ज निर्लेखित करतात तशी ती पाल निर्लेखित होते, एवढाच काय तो फरक की कर्जाला जीव नसतो.

आणखी एक गोष्ट पाहा. पाल वीस डॉलरची, पण तिच्यासाठी लागणारी काचेची पेटी, दिवे, हीटर, थर्मामीटर आणि दर आठवड्याचे किडे यांचा खर्च तिच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. म्हणजे कमाई साहित्यात आहे, प्राणी हे गळाला लावलेले आमिष आहे. आणि आमिष जितके स्वस्त तितका धंदा बरा!

म्हणूनच दुकानात काम करणाऱ्या पोरासोरांवर सारा दोष ढकलणे आम्हाला मान्य नाही. तासावर पगार घेणारी ही तरुण मुले-मुली. त्यांतील कित्येक जण प्राण्यांच्या ओढीनेच त्या नोकरीत आलेले असतात. त्यांनीच गल्ल्यावर बसायचे, पोती उचलायची, फरशी पुसायची आणि उरलेल्या वेळात डझनभर जातींच्या प्राण्यांची निगा राखायची. प्रत्येक जातीची गरज निराळी आणि शिकवणी मात्र जुजबी. दिवा बदलायचा किंवा डॉक्टरकडे न्यायचे तर निर्णय वरच्याने घ्यायचा. ज्याच्या हातात काम त्याच्या हातात अधिकार नाही आणि ज्याच्या हातात अधिकार त्याच्या डोळ्यांसमोर तो जीव नाही. कोणत्याही मोठ्या कचेरीतल्या माणसाला हे चित्र ओळखीचे वाटेल.

मग हे प्राणी बंदिवासात जगूच शकत नाहीत काय? ब्रिटनमध्ये यावर बराच वाद झाला. तेथे २०१५ च्या सुमारास प्राणी पाळणाऱ्या शेकडो लोकांकडून माहिती घेऊन एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत घरी आणल्यावर पहिल्या वर्षात मरणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे प्रमाण सरासरी ३.६ टक्के निघाले, पण शॅमेलिऑनचे प्रमाण मात्र २८ टक्क्यांच्या पुढे गेले. ही माहिती पाळणाऱ्यांनीच दिलेली होती, हे ध्यानात ठेवले तरी तिच्यातून एक बोध मिळतो. ज्या प्राण्याची गरज माणसाला समजते तो जगतो, ज्याची समजत नाही तो मरतो. तेव्हा या जीवांच्या बाबतीत नुसती कळवळ पुरत नाही. ज्ञान नसलेली दया त्यांना वाचवू शकत नाही.

कासवाचे पिल्लू आपल्याही दारात

आता आपल्या घराकडे वळू. अमेरिकेतील दक्षिणेकडच्या राज्यांत 'लाल कानाचे' कासव शेततळ्यांत वाढवून त्याची पिल्ले जगभर पाठवली जातात. डोळ्यामागे लाल पट्टा असलेले, रुपयाच्या जुन्या नाण्याएवढे हिरवे पिल्लू आपल्याकडेही मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत मत्स्यालयाच्या दुकानांतून विकले गेले आहे. घेणाऱ्याला वाटते, ते एवढेच राहणार. प्रत्यक्षात मादी फूटभराच्या जवळपास वाढते आणि नीट सांभाळली तर तीस वर्षांहून अधिक जगते. प्लॅस्टिकच्या टबात, उन्हाशिवाय, वाळक्या कोळंबीवर ठेवलेल्या पिल्लाचे डोळे सुजतात, कवच मऊ पडते. जे जगतात ते टबात मावेनासे झाले की लोक त्यांना तलावात सोडून देतात आणि आपण पुण्य केले असे मानतात. तेथे ते आपल्या देशी कासवांचे अन्न आणि जागा बळकावतात. जगातील सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत या कासवाचे नाव आहे.

माणसाच्या आरोग्याचाही प्रश्न आहे. धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या किंवा सरड्याच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत लहान कासवांमुळे दरवर्षी सुमारे २ लाख ८० हजार लोकांना, मुख्यतः मुलांना, जुलाब-तापाचा हा आजार होत असावा, असा तेथील आरोग्य खात्याचा अंदाज होता. म्हणून १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाची कासवे पाळण्यासाठी विकण्यास तेथे बंदी झाली. पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरात सरपटणारे प्राणी ठेवू नयेत, असा सल्ला तेथील आरोग्यतज्ज्ञ आजही देतात. आपल्याकडे तेच पिल्लू मुलाच्या वाढदिवसाला भेट म्हणून दिले जाते!

आपल्या कायद्याची स्थिती एका अर्थाने बरी आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून कोणताही जिवंत प्राणी येतो. त्यात थंड रक्त, गरम रक्त असा भेद नाही. २०१८ च्या नियमांप्रमाणे पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि परदेशी जातींच्या बऱ्याच प्राण्यांची नोंदणीही त्यात आली. आपले देशी तारा कासव तर आज त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते घरात ठेवले तर तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते. तरीही 'कासव पाळले की घरात पैसा येतो' या समजुतीपायी ते चोरून विकले आणि घेतले जाते. आम्ही इतकी वर्षे लोकांची खाती सांभाळली, पण कासवामुळे कोणाच्या खात्यात रक्कम जमा झालेली पाहिली नाही. साप दूध पितो ही समजूतही याच जातीची आहे. नागपंचमीला दूध पिणारा साप हा बहुधा कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला साप असतो. अमेरिकेतील दुकानात नफ्यापायी आणि आपल्याकडे अंधश्रद्धेपायी, पण दोन्ही ठिकाणी त्या प्राण्याचे शरीर काय मागते हे कोणी विचारीत नाही.

आपण काय करावे?

विद्यार्थी मित्रांना आमची विनंती आहे की, त्यांनी असा प्राणी विकत घेण्याआधी स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. हा प्राणी कायद्याने ठेवता येतो काय? तो पूर्ण वाढल्यावर केवढा होतो आणि किती वर्षे जगतो? त्याला किती ऊब, कोणता उजेड, कसे पाणी लागते? त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर आपल्या गावात आहे काय? दुकानदाराला यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही तर हात जोडून बाहेर पडावे. बिचाऱ्याची सुटका करावी म्हणून आजारी पिल्लू विकत घेण्याचा मोह होतो, तोही आवरावा. कारण आपण दिलेल्या पैशाने त्या पेटीत उद्या दुसरे पिल्लू येते. त्याऐवजी दुकानात आबाळ दिसली तर तारीख-वेळ टिपून ठेवावी आणि प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्थेला किंवा वनखात्याला लेखी कळवावे. आधीच पाळलेले परदेशी कासव तलावात सोडू नये. ते कोठे द्यावे, हेही वनखात्याला किंवा जाणत्या प्राणिमित्र संस्थेला विचारावे. आपल्यापैकी ज्यांची मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशात आहेत, त्यांनीही हे त्यांच्या कानावर घालावे.

सरडा पाहायचाच असेल तर त्यासाठी पैसे लागत नाहीत. सकाळी कुंपणावर तो ऊन खात बसलेला असतो. तो तेथे का बसला आहे, थोड्या वेळाने कोठे जातो, काय खातो, हे मुलांनी लांबून पाहावे आणि वहीत लिहून ठेवावे. त्या निरीक्षणातून त्यांना जे कळेल ते दुकानातली काचेची पेटी कधीच शिकवणार नाही. ज्याला आवाज नाही त्याची गरज अभ्यासाने जाणून घ्यावी लागते. तो अभ्यास आपल्या घराघरांतून सुरू व्हावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.